मेलॅनाइट: काळं गार्नेट काळं का असतं?

हरभऱ्याएवढा एक काळाकुळकुळीत, चकचकीत स्फटिक घ्या. दिव्यासमोर धरा, उन्हात धरा, हवं तर टॉर्चवर टेकवून बघा. उजेड आरपार येत नाही. आता त्याची पातळ चकती कापायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि बारीक भुकटीवर घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत आणायची. खडकांचा अभ्यास करणाऱ्यांना हे काम रोजचंच. ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की दगडाचा काळेपणा नाहीसा झालेला असतो. समोर दिसतो कोऱ्या चहासारखा तपकिरी तुकडा. त्यात एकात एक बसलेली वलयं असतात, काही गडद, काही फिकट, झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखी. फक्त ही वर्तुळं गोल नसतात, त्यांना कोपरे असतात.

हा दगड म्हणजे मेलॅनाइट, गार्नेटचा काळा प्रकार. गार्नेटला मराठीत तामडा म्हणतात. इंग्रजी नावाचं मूळ डाळिंबाच्या लॅटिन नावात आहे आणि मराठी शब्दातही तांबूसपणा आहेच. दोन्ही नावं लाल रंगाला बांधलेली, त्यामुळे ‘काळा तामडा’ हे कानाला जरा विचित्रच वाटतं. पण गार्नेट हे एका खनिजाचं नाव नाही, ते एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. लाल रंग हा त्या कुटुंबातल्या दोन-तीन भावंडांपुरता आहे.

या कुटुंबाला एकत्र ठेवतो तो त्यांच्या आतल्या रचनेचा नकाशा. गार्नेटच्या स्फटिकात अणूंना राहायला तीन मापांच्या जागा असतात असं समजा. सगळ्यात लहान जागेत सिलिकॉन बसतो, त्याच्याभोवती ऑक्सिजनचे चार अणू. मधल्या जागेभोवती सहा ऑक्सिजन असतात आणि मोठ्या जागेभोवती आठ. इमारत तीच, भाडेकरू बदलतात. मोठ्या जागेत लोह आणि मधल्या जागेत ॲल्युमिनियम आला की अल्मंडिन होतो, तोच तो ओळखीचा गडद लाल. मोठ्या जागेत मॅग्नेशियम आला की पायरोप. आणि मोठ्या जागेत कॅल्शियम, मधल्या जागेत लोह असं बिऱ्हाड मांडलं गेलं की होतो अँड्राडाइट. शुद्ध अँड्राडाइटचं रासायनिक विश्लेषण केलं तर वजनाने सुमारे ३३ टक्के कॅल्शियम ऑक्साइड, ३१ टक्के लोह ऑक्साइड आणि ३५ टक्के सिलिका, म्हणजे सिलिकॉन ऑक्साइड, मिळते. मेलॅनाइट हा या अँड्राडाइटचाच प्रकार, मात्र त्याच्यात टायटॅनियम शिरलेलं असतं.

नावांचा इतिहास इथे थोडा उलटा आहे आणि मला तो फार आवडतो. ‘मेलॅनाइट’ हे नाव जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयातले प्रसिद्ध अध्यापक आब्राहाम गोटलोब वेर्नर यांनी १८०० च्या सुमारास दिलं. ग्रीक भाषेत ‘मेलास’ म्हणजे काळा, एवढाच त्याचा अर्थ. वेर्नरांच्या हाताखाली शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांत जोझे बोनिफासियो दे अँड्राडा ई सिल्वा हे एक होते. हे गृहस्थ खनिजशास्त्रज्ञ तर होतेच, पण पुढे १८२२ मध्ये ब्राझील पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला त्या घडामोडींचे एक सूत्रधारही तेच. त्यांच्या सन्मानार्थ अमेरिकन खनिजशास्त्रज्ञ जेम्स ड्वाइट डेना यांनी १८६८ मध्ये ‘अँड्राडाइट’ हे नाव रूढ केलं. म्हणजे मूळ खनिजाला विद्यार्थ्याचं नाव मिळालं आणि त्याच्या काळ्या प्रकाराचं बारसं गुरूने सहा-सात दशकं आधीच करून ठेवलं होतं.

आता मुख्य प्रश्न. अँड्राडाइट मुळात काळा नसतो. शुद्ध असेल तर तो पिवळसर किंवा हिरवट असतो. त्याचा मधाळ पिवळा प्रकार म्हणजे टोपॅझोलाइट आणि किंचित क्रोमियममुळे गर्द हिरवा झालेला प्रकार म्हणजे डिमँटॉइड, जो जगातल्या सगळ्यात देखण्या रत्नांत मोजला जातो. मग त्याच्याच सख्ख्या भावाला एवढा काळिमा कशाने लागला?

उत्तर टायटॅनियम. पण ‘टायटॅनियम काळं असतं म्हणून दगड काळा’ असं ते नाही. शुद्ध टायटॅनियम ऑक्साइड तर इतकं पांढरं असतं की पांढऱ्या रंगाच्या डब्यात तेच घालतात. काळेपणा टायटॅनियम आणि लोह यांच्या शेजारातून येतो.

मधल्या जागेत राहणाऱ्या लोहावर तीन धन प्रभार असतात, टायटॅनियमवर चार. लोहाला हलवून टायटॅनियम तिथे बसलं की स्फटिकाचा विद्युत हिशोब चुकतो, एक प्रभार जास्त होतो. स्फटिकाला हिशोब चुकलेला चालत नाही. तो जुळवायचे दोन मार्ग. एक, शेजारच्या जागेत तीनऐवजी दोन प्रभारांचं लोह येतं. दुसरा मार्ग जास्त मजेशीर आहे. सिलिकॉनच्या चिमुकल्या जागेत लोह किंवा ॲल्युमिनियम घुसतं आणि चारच्या ठिकाणी तीन प्रभार होऊन बरोबरी साधली जाते. प्रत्यक्षातल्या मेलॅनाइटमध्ये हे दोन्ही प्रकार कमी-अधिक प्रमाणात चाललेले असतात.

परिणाम असा की दोन प्रभारांचं लोह, तीन प्रभारांचं लोह आणि चार प्रभारांचं टायटॅनियम हे सगळे एकमेकांना खेटून राहायला लागतात. प्रकाशाचा कण येऊन आदळला की दोन प्रभारांच्या लोहाकडचा एक इलेक्ट्रॉन उडी मारून शेजारच्या टायटॅनियमकडे किंवा दुसऱ्या लोहाकडे जातो. या उडीत प्रकाश खर्ची पडतो. अशी देवघेव प्रकाशाचा फार रुंद पट्टा गिळते. निळ्या नीलमणीत रंग येतो तोही नेमक्या याच लोह-टायटॅनियम देवघेवीतून, पण तिथे ही मंडळी इतकी विरळ असतात की फक्त काही रंग शोषले जातात आणि निळा उरतो. मेलॅनाइटमध्ये लोहाची तर भाऊगर्दीच, टायटॅनियमही काही टक्क्यांच्या घरात. जांभळ्यापासून लालपर्यंत काही सुटत नाही.

तरीही ही शोषणशक्ती अमर्याद नसते, जाडीवर अवलंबून असते. तीन शतांश मिलिमीटरच्या चकतीत शोषून घ्यायला पुरेसे अणूच प्रकाशाच्या वाटेत येत नाहीत, म्हणून तांबूस-तपकिरी उजेड निसटून बाहेर पडतो. पूर्ण दगडात तो निसटू शकत नाही. दाट काढा पेल्यात काळा दिसतो आणि चमच्यात तपकिरी, तसंच हे.

त्या चकतीतल्या वलयांचाही उलगडा यातूनच होतो. स्फटिक एका दमात वाढत नाही. तो शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, थरावर थर चढवत वाढतो आणि त्या त्या वेळी भोवती जे मिळेल ते उचलतो. टायटॅनियम भरपूर होतं तेव्हा चढलेला थर गडद, कमी होतं तेव्हाचा फिकट. बऱ्याच मेलॅनाइटमध्ये गाभा गडद आणि कडा फिकट दिसते, पण गडद-फिकट-गडद असा हिंदोळाही सर्रास आढळतो. खाली नवा शिलारस येऊन मिसळला, तापमान बदललं, दुसरं एखादं खनिज टायटॅनियम पळवू लागलं, अशा सगळ्या उलाढालींची नोंद त्या वलयांत राहते.

इथे डिमँटॉइडकडे पुन्हा वळतो, कारण एक गंमत सांगायची राहिली. पांढरा प्रकाश फोडून त्यातले रंग वेगळे करण्याची रत्नाची ताकद मोजता येते. हिऱ्यासाठी तो आकडा ०.०४४ आहे आणि अँड्राडाइटसाठी ०.०५७. म्हणजे रंगांच्या ठिणग्या उडवण्यात अँड्राडाइट हिऱ्यालाही मागे टाकतो आणि डिमँटॉइडची कीर्ती त्यावरच उभी आहे. मेलॅनाइटचा सांगाडा तोच, म्हणून प्रकाश फोडायची कुवतही तीच असणार. पण आत शिरलेला किरण पुन्हा बाहेर येतच नाही, त्यामुळे ती कुवत कुणाला दिसत नाही. बाहेरून दिसते ती चमक मात्र अस्सल अँड्राडाइटची. त्याचा प्रणमनांक १.८८ च्या आसपास आहे, म्हणजे प्रकाशाला वळवण्याची आणि पृष्ठावरून परतवण्याची क्षमता साध्या काचेपेक्षा बरीच जास्त. चांगल्या मेलॅनाइटच्या नैसर्गिक पैलूवर म्हणूनच काचेपेक्षा जड, जवळजवळ धातूकडे झुकणारी झळाळी दिसते.

नावाच्या सीमारेषेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे बराच गोंधळ आहे. मेलॅनाइट हे स्वतंत्र खनिज म्हणून मान्यता असलेलं नाव नाही. अँड्राडाइटमध्ये टायटॅनियम जाणवण्याइतकं आणि दगड काळा, की म्हणायचं मेलॅनाइट. टायटॅनियम वाढत वाढत मधल्या जागेत बहुमतात आलं तर खनिजच बदलतं आणि त्याला शोर्लोमाइट म्हणतात. हे खनिज अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात मॅग्नेट कोव्ह इथे १८४६ मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. त्याचं नाव पडलं ते शोर्ल, म्हणजे काळ्या टुर्मलीनसारखं दिसतं म्हणून. नुसत्या डोळ्यांनी मेलॅनाइट आणि शोर्लोमाइट यांत फरक करता येत नाही. २०१३ मध्ये गार्नेट कुटुंबाची नामावली नव्याने आखली गेली तेव्हा ठरलं की कोणत्या जागेत कोण बहुमतात आहे हे मोजूनच नाव द्यायचं. त्या मोजमापात शोर्लोमाइट म्हणून संग्रहात बसलेले बरेच नमुने टायटॅनियमयुक्त अँड्राडाइटच निघाले. याच शाखेतलं हचिऑनाइट नावाचं एक गार्नेट तर पृथ्वीवरच्या खडकात सापडलंच नव्हतं. १९६९ मध्ये मेक्सिकोत कोसळलेल्या आयेंदे उल्केत त्याचे सूक्ष्म कण मिळाले.

तर हा दगड बनतो कुठे? त्याच्या दोन घराण्यांपैकी पहिलं ज्वालामुखीचं आणि शिलारसाचं. पण कोणताही शिलारस चालत नाही. मेलॅनाइटला लागतो तो सिलिकेच्या बाबतीत दरिद्री आणि सोडियम-पोटॅशियमच्या बाबतीत श्रीमंत असा शिलारस.

याचं कारण हिशोबात आहे. बहुतेक शिलारसात कॅल्शियम आणि लोह यांना सामावून घेण्याचं काम पायरॉक्सिन नावाची खनिजं करतात. पायरॉक्सिन बनवताना कॅल्शियमच्या एका अणूमागे सिलिकॉनचे दोन अणू खर्च होतात. अँड्राडाइटमध्ये एका कॅल्शियममागे एकच सिलिकॉन लागतो. सिलिका मुबलक असेल तेव्हा पायरॉक्सिनची चैन परवडते. सिलिका तुटपुंजी असेल तर शिलारस काटकसरीच्या खनिजांकडे वळतो, आणि गार्नेट हे अशा काटकसरीच्या खनिजांपैकी एक. शिवाय अँड्राडाइटला तीन प्रभारांचं लोह हवं असतं, म्हणजे भोवती ऑक्सिजनही बऱ्यापैकी असावा लागतो. या दोन्ही अटी जुळल्या, वर टायटॅनियम शिल्लक असलं, की मेलॅनाइट.

म्हणूनच शिलारसातून जन्मलेला मेलॅनाइट ज्या खडकात असतो तिथे गारगोटी शोधायला जाऊ नये. सिलिका उरलेलीच नसते, गारगोटी बनणार कशाची? त्याचे सोबती म्हणजे नेफेलीन, ल्युसाइट, सॅनिडीन अशी खनिजं आणि खडक म्हणजे फोनोलाइट, नेफेलीन सायनाइट, आयोलाइट. कधी कधी शेजारी कार्बोनेटाइटही असतो, म्हणजे चक्क कार्बोनेटच्या शिलारसापासून थिजलेला खडक. फोनोलाइट या नावाचा अर्थ ‘वाजणारा दगड’, कारण त्याच्या पातळ फरशीवर हातोडी मारली की टणत्कार उठतो.

मेलॅनाइटचं अभिजात ठिकाण म्हणजे इटलीतलं फ्रास्काती. रोमच्या आग्नेयेला साधारण २० किलोमीटरवर अल्बान टेकड्या आहेत, तो सगळा जुन्या ज्वालामुखीचा डोंगर. त्याच्या राखेच्या खडकांतून मेलॅनाइटचे सुटे, सुबक स्फटिक मिळतात. राखेचा खडक मऊ, तो झिजतो. गार्नेट कणखर, तो तसाच मागे राहतो. आकार बहुधा बारा चौकटी पैलूंचा आणि प्रत्येक पैलू समभुज चौकोनासारखा. पुष्कळदा त्या चौकोनांच्या कडा तिरक्या तासल्यासारख्या असतात, तो चोवीस पैलूंच्या दुसऱ्या आकाराचा त्यांत झालेला मिलाफ. माणसाचा हात न लागता दगड इतका नेटका असू शकतो हे बघायचं असेल तर फ्रास्कातीचा मेलॅनाइट बघावा.

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात कायझरश्टूल नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे, आणखी उत्तरेला आयफेल भागात लाख सरोवराचा परिसर आहे. दोन्हीकडे मेलॅनाइट मिळतो. स्कॉटलंडच्या वायव्येला लॉख बोरालान इथला खडक त्याहून खूप जुना, सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला बोरोलानाइट असं खास नाव आहे. काळपट खडकावर पांढरे ठिपके, आणि तो काळपटपणा बऱ्याच अंशी मेलॅनाइटचा. इथे स्फटिकांची मिजास नाही, गार्नेट खडकाच्या अंगातच मुरलेला आहे.

दुसरं घराणं चुनखडीचं. तप्त शिलारस चुनखडीत घुसला की त्यातून निघालेलं लोह-सिलिकायुक्त गरम पाणी आणि चुनखडीतला कॅल्शियम यांची प्रक्रिया होते आणि स्कार्न नावाचे खडक तयार होतात. अँड्राडाइटचं हे नेहमीचं माहेर. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत १९९४ मध्ये पिवळ्या-हिरव्या गार्नेटचा शोध लागला आणि त्या भागातून पुढे मोठाले काळे अँड्राडाइट स्फटिकही बाजारात आले. कॅलिफोर्नियातल्या सान बेनिटो परगण्यात सर्पेंटाइन खडकाच्या पट्ट्यात काळे मेलॅनाइट आणि पिवळे टोपॅझोलाइट असे दोन्ही मिळतात. इथे एक सावधगिरी हवी. स्कार्नमधला प्रत्येक काळा अँड्राडाइट टायटॅनियममुळेच काळा असेल असं नाही. लोहाचे बारीक कण आत अडकले तरी दगड काळवंडतो. विक्रीच्या चिठ्ठीवर दोघांनाही ‘मेलॅनाइट’च लिहिलेलं असतं.

ज्वालामुखीतल्या गार्नेटचा सर्वात भारी उपयोग दागिन्यात झालेला नाही. तो झाला इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचं घड्याळ म्हणून.

व्हेसुव्हियसच्या मोठ्या स्फोटांतून बाहेर पडलेला शिलारस फोनोलाइटी जातीचा होता आणि त्यात कॅल्शियम-लोहाची गार्नेट वाढलेली होती, मेलॅनाइटची जवळची नातलगच. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्या गार्नेटचं वय मोजलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. युक्ती अशी. स्फटिक वाढताना शिलारसातून युरेनियम उचलतो, पण थोरियमच्या बाबतीत हात आखडता घेतो. म्हणजे जन्मतः त्याच्याकडे थोरियम कमी असतं. पुढे युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून थोरियमचा एक समस्थानिक हळूहळू तयार होत जातो आणि तूट भरून निघू लागते. या थोरियमचं अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षांचं, त्यामुळे काही हजार वर्षांचा काळ मोजायला हे घड्याळ सोयीचं. तूट किती भरली ते मोजलं की स्फटिक कधी वाढला ते कळतं. स्फोट कधी झाला ते राखेच्या थरांवरून आणि इतिहासावरून माहीतच असतं. दोन्हींतला फरक म्हणजे शिलारस डोंगराच्या पोटात किती काळ थांबला होता तो अवधी.

त्यांनी चार स्फोट निवडले होते. सुमारे ८,९०० वर्षांपूर्वीचा, सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचा, पाँपेई गाडून टाकणारा इसवी सन ७९ चा आणि ४७२ चा. पहिल्या दोन स्फोटांआधी शिलारस सुमारे पाच हजार वर्षं साठून राहिला होता. नंतरच्या दोन स्फोटांआधी मात्र हजारेक वर्षंच. डोंगराच्या सवयी बदलल्या आणि ते समजलं मिलिमीटरभर गार्नेटच्या कणांवरून. झिरकॉन हे खडकांचं वय मोजायचं नेहमीचं खनिज, पण असल्या शिलारसात त्याचे स्फटिक सहसा धरत नाहीत. गार्नेट मदतीला आलं ते म्हणून.

आता दगड हातात आला तर ओळखायचा कसा? काळ्या रत्नांची अडचण अशी की दुरून सगळी सारखीच दिसतात आणि ‘ब्लॅक गार्नेट’ म्हणून काय खपवलं जाईल याचा भरवसा नाही. फार गडद अल्मंडिनही त्या नावाने विकला जातो. तो वेगळा काढायला दिवा पुरतो. कडेच्या पातळ भागातून जोरदार उजेड सोडला की अल्मंडिन लाल चमकतो. मेलॅनाइट काहीच दाखवत नाही, किंवा अगदी पातळ कपरीत तपकिरी झाक दाखवतो.

वजन हातालाच सांगतं. मेलॅनाइट पाण्याच्या सुमारे ३.८ पट जड असतो. काळा ओनिक्स २.६ पट, ज्वालामुखीची काच म्हणजे ऑब्सिडियन २.४ पट, आणि जेट हा तर दगडी कोळशाचाच भाऊबंद, जेमतेम १.३ पट. सारख्या मापाचे तुकडे तळहातांवर ठेवले तर फरक लपत नाही. काळा टुर्मलीन ३.१ च्या आसपास, पण त्याला वजनापेक्षा आकारावरून ओळखणं सोपं. त्याचे स्फटिक लांबट खांबासारखे, अंगावर उभ्या रेघा आणि आडवा छेद फुगीर त्रिकोणी. गार्नेट चेंडूसारखा, चहूबाजूंनी सारखा वाढतो. काळा स्पिनेल वजनात जवळ येतो, ३.६ पट, पण त्याचे स्फटिक आठ त्रिकोणी पैलूंचे असतात आणि कठिनता, म्हणजे ओरखड्याला दाद न देण्याची ताकद, १ ते १० च्या मोजपट्टीवर ८.

पैलू पाडलेल्या खड्यात मूळ आकार गेलेला असतो. तिथे रत्नपारखी प्रणमनांक मोजतात. नेहमीच्या मापकाची मर्यादा १.८१ पर्यंत. ओनिक्स १.५४ दाखवेल, टुर्मलीन १.६२ ते १.६४, स्पिनेल १.७२. मेलॅनाइट मापकाच्या पट्टीबाहेर जातो, वाचनच मिळत नाही. या खड्याच्या बाबतीत आकडा न मिळणं हाच मोठा पुरावा. अर्थात काळा हिराही पट्टीबाहेरच जातो, पण हिऱ्याची कठिनता १० आणि मेलॅनाइटची ६.५ ते ७, त्यामुळे भिंगातून पैलूंच्या कडा बघितल्या तर कोणत्या कडा जिवंत धारदार आहेत ते दिसतं.

निओडिमियमचं छोटं, ताकदवान चुंबकही कामाला येतं. मेलॅनाइटमध्ये लोह इतकं असतं की खडा पाण्यावर तरंगत्या थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवला तर चुंबकाच्या मागे सरकत येतो. ओनिक्स, काच, जेट ढिम्म राहतात. लोहयुक्त काळा टुर्मलीन मात्र थोडाफार ओढला जातो, तेव्हा एवढ्या एका कसोटीवर निकाल देऊ नये. आणि खडा चुंबकाला टाळकन चिकटला तर तो मॅग्नेटाइट असण्याचा संशय घ्यावा. त्याचा कस, म्हणजे खरखरीत चिनी मातीवर घासल्यावर उमटणारी रेघ, काळा असतो. मेलॅनाइटचा कस पांढरट. जुने खनिजशास्त्रज्ञ फुंकनळीच्या ज्योतीत अँड्राडाइटची कपरी वितळवून बघत, तिचा काळा, चुंबकाला ओढला जाणारा मणी बनतो. खड्यावर हे प्रयोग करू नयेत हे सांगायला नकोच.

दागिन्यांत मेलॅनाइटची जागा लहानशीच राहिली. काळे खडे युरोपात शोकाच्या दागिन्यांसाठी लागत. १८६१ मध्ये पती वारल्यावर इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने काळी वस्त्रं धरली आणि ही चाल फार फोफावली. त्यात मुख्य मान जेटचा. तो हलका आणि मऊ, कोरायला सोपा. मेलॅनाइट अधूनमधून वापरला गेला, पण मोठे, न तडकलेले तुकडे दुर्मीळ आणि कोरीव कामाला दगड फारच कडक.

पैलू पाडणाऱ्याच्या दृष्टीने हा खडा सोपाही आहे आणि अवघडही. सोपा, कारण प्रकाश आत जाऊन तळाशी आपटून परत येईल असे कोन साधायची कटकटच नाही; तळ कसाही ठेवा, फरक पडत नाही. शिवाय याला पाटन नसतं, म्हणजे ठरावीक पातळीत फुटून हातचा खडा जाण्याची भीती कमी. तुटला तर शिंपल्याच्या आतल्या भागासारखा वळसेदार तुटतो. अवघड, कारण जे काही दिसायचं ते फक्त पृष्ठावर. निळ्या किंवा लाल खड्यातला बारीक ओरखडा रंगाच्या खेळात लपून जातो. काळ्या खड्यावर तो आरशावरच्या ओरखड्यासारखा उठून दिसतो. हवेतल्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि त्यांची कठिनता ७, म्हणजे मेलॅनाइटच्या बरोबरीची किंवा किंचित जास्त. अंगठीत रोज वापरला तर काही वर्षांत पैलूंच्या कडा बोथट होतात आणि चमक मंदावते. कानातल्यात किंवा गळ्यातल्या पदकात तो जास्त टिकतो. पुसताना कोरड्या फडक्याने घासण्याऐवजी आधी कोमट साबणाच्या पाण्यात धूळ सुटू द्यावी. एकदम तापवू किंवा गार करू नये. कंपनांनी साफ करणाऱ्या यंत्रापासूनही लांब ठेवलेला बरा, कारण काळ्या खड्यात आत कुठे चीर आहे ते बाहेरून कळत नाही.